साहेबांचं ‘बघतो’

साहेबांच्या घरात एका दाराच्या अलीकडे त्यांना ‘बाबा’ म्हणायचं आणि पलीकडे ‘साहेब’. पलीकडे कचेरी, अलीकडे घर. सून लग्न होऊन आली तीही वकीलच, त्यामुळे लवकरच तिचं टेबल कचेरीच्या खिडकीशी लागलं. एकदा पक्षकार समोर बसलेला असताना तिच्या तोंडून ‘बाबा’ निघून गेलं. साहेबांनी कागदावरची नजर न हलवता म्हटलं, "मॅडम, बाबा आत असतात. जेवायच्या वेळी भेटतील." पक्षकार पोट धरून हसला. नवरा शेजारच्या टेबलावर होता, तोही हसला. मग तीही हसली, न हसून करते काय. त्या दिवसापासून उंबरा ओलांडला की तिची जीभ आपोआप कूस बदलायची.

तसे साहेब कुणाला वाईट बोलायचे नाहीत. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. मऊ, सावकाश बोलणं, एकेक शब्द जणू तुमच्याचसाठी पुसून ठेवलेला. कोर्टात समोरचा साक्षीदार त्या आवाजाला भुलून आपणहून खड्ड्यात पाय टाकायचा, आणि पडल्यावर साहेबच त्याला हात देऊन वर काढताहेत असं बघणाऱ्याला वाटायचं.

त्या कचेरीची एक भाषा होती आणि ती कायद्याच्या कुठल्या पुस्तकात नव्हती. साहेब ‘बघू’ म्हणाले की काम होणार नाही, पक्षकाराला गोडीगुलाबीनं लांब न्यायचं. ‘बघा’ म्हणाले की ते तुमच्या गळ्यात पडलं. आणि ‘बघतो’ म्हणाले की फाइल त्यांच्या टेबलावर गेली, आता तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हात लावणं म्हणजे साहेबांवर अविश्वास दाखवणं. पूर्वी एका सहायकानं ‘बघतो’तली एक फाइल चांगल्या मनानं उचलली आणि अर्ज दाखल करून टाकला. अर्ज मंजूर झाला, पक्षकारानं आशीर्वाद दिले, आणि सहायकाला दुसरी कचेरी शोधावी लागली.

शिंपीणबाईंची फाइल अशीच ‘बघतो’त गेली.

शिंपीणबाईंचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. एक शिलाई मशीन, भिंतीवर उभा आरसा, पडदा लावून केलेला एक कोपरा. तिथे बायका मापं द्यायच्या आणि मापाबरोबर घरची गाऱ्हाणीही द्यायच्या. जागेच्या मालकानं दुकान रिकामं करून घ्यायचा हुकूम मिळवला. त्यावर अपील करायचं होतं, आणि अपिलाला मुदत असते. असल्या लहान कामांच्या वकीलपत्रावर साहेब आपलं नाव केव्हाच घालेनासे झाले होते. नाव सुनेचं, सही सुनेची. तिनं अपील लिहून तयार केलं आणि रिवाजाप्रमाणे नेऊन दाखवलं. साहेबांनी वरचं पान चाळलं.

"मांडणी कच्ची आहे," ते म्हणाले. "बघतो."

फाइल त्यांच्या टेबलावर राहिली. ते दिवस साहेबांच्या फार गडबडीचे. वकील संघानं सभासदांना घरबसल्या ऑनलाइन शिकवायची नवी टूम काढली होती. शिक्षणाचे ठरलेले तास भरले नाहीत तर वकिलीच्या सनदेचं नूतनीकरण नाही. केस पिकलेले वकीलसुद्धा आता नातवंडांकडून पासवर्ड लिहून घेत होते. त्यातल्या ‘व्यावसायिक कर्तव्य’ या विषयाची व्याख्यानं संघानं साहेबांकडे दिली, आणि साहेब जेवणखाण विसरून कर्तव्यावर टिपणं काढू लागले. टिपणांचे कागद शिंपीणबाईंच्या फाइलीवर चढत गेले. सुनेनं एकदा भीत भीत आठवण केली. पुन्हा केली तेव्हा नवराही खोलीत होता. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"एकदा बघतो म्हटलं ना, मॅडम?"

नवऱ्यानं तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. ती गप्प राहिली. मुदत उलटून गेली.

दुकान गेलं. शिंपीणबाई मशीन हातगाडीवर घालून बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथे जिन्याखालच्या जागेत, मान वाकवून, शिवू लागल्या. त्यांनी संघाकडे तक्रार केली ती साहेबांविरुद्ध. सुनेबद्दल एक अक्षर वावगं लिहिलं नाही. भेटल्या तेव्हा तिचाच हात हातात घेऊन म्हणाल्या की तुम्ही माझ्यासाठी किती जीव टाकून लिहिलं होतं ते मी पाहिलंय, घात केला तो त्या म्हाताऱ्यानं. आणि हे त्या नुसतं तिलाच सांगत नव्हत्या. जिन्याखाली ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या.

संघानं वकीलपत्र मागवून पाहिलं. साहेबांचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. तक्रार आपोआप सुनेकडे वळली.

मग दाराच्या अलीकडे, जेवणाच्या टेबलाशी, असं ठरलं की तिनं फार खुलासे करत बसू नये. ठरलं म्हणजे बाकीच्यांनी ठरवलं, ती वाढत होती. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्यानं समजावलं की तू तरुण आहेस, तुला एखादा ताशेरा पचून जाईल, पण बाबांचं नाव या वयात गेलं तर परत येणार आहे का? साहेबांनी फक्त मीठ मागितलं, आणि तिनं ते दिलं.

संघाचा निर्णय आला तो वरवर सौम्य होता. संबंधित वकिलांनी कर्तव्याचे ठरलेले तास पुरे करावेत, परीक्षा द्यावी, की तक्रार बंद. वेळेत केलं नाही तर सनद स्थगित.

सुनेला सनद हवी होती. ती का हवी होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिनं एक खोली बघून ठेवली होती. एकच खिडकी, भिंतीला जुना हिरवट रंग, खालून औषधांचा वास. पण दारावर पाटी लावली असती ती फक्त तिच्या नावाची. सनद नवी होऊन आली की ती खोली घ्यायची, आणि तिथे बसून पहिलं काम करायचं ते शिंपीणबाईंचं. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज, आणि उशीर का झाला याचं खरं कारण तिच्या सहीनिशी. शिंपीणबाईंना तिनं तसा शब्द दिला होता. सनद एकदा हातात पडू द्या, जे झालं ते जसंच्या तसं लिहून देते, म्हणाली होती. शिंपीणबाई त्या शब्दावर थांबल्या होत्या.

तास ती एकेक करून भरत गेली. शेवटचा उरला तो साहेबांचाच.

आदल्या दिवशी जेवता जेवता साहेब अचानक म्हणाले, "उद्या तुझं प्रकरण मिटवून टाकतो, सूनबाई."

सुनेच्या हातातली वाटी तशीच राहिली. इतक्या महिन्यांत त्यांनी तो विषय पहिल्यांदाच काढला होता, आणि तोही सगळ्यांसमोर, इतक्या मायेनं. सासूबाईंचे डोळे भरून आले. नंतर ओटा पुसताना त्या सुनेला हळूच म्हणाल्या की त्यांचं मन मेणासारखं आहे गं, फक्त वितळायला वेळ लागतो. सुनेला मनापासून वाटलं, देवानं ऐकलं. तिनं त्या दिवशी झोपण्यापूर्वी साहेबांसाठी प्रार्थना केली. त्यांना बोलायचं बळ दे, एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरी बंद ठेवली. साहेब वर काळा कोट आणि गळ्याला पांढरी पट्टी लावून बसले. खाली घरातली विजार आणि सपाता, कारण कॅमेऱ्याला तिथवर दिसत नाही. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं घालून तो त्यांच्या नजरेच्या उंचीला आणला. मागच्या कपाटात कायद्याचे खंड होते. त्यातला एक तिरका दिसत होता, तो सुनेनंच सरळ केला. साहेबांनी मान डोलावली. घरातल्या बाकी सगळ्यांनी आपापले कॅमेरे बंद ठेवायचे होते, नाहीतर साहेबांचं चित्र मध्येच गोठतं.

सून आणि नवरा मधल्या खोलीत, कचेरीच्या भिंतीला लागून असलेल्या टेबलाशी, शेजारी शेजारी आपापले लॅपटॉप उघडून बसले. नवऱ्यालाही तास भरायचे होते. त्यानं अर्ध्या पडद्यावर वडिलांना ठेवलं आणि अर्ध्यावर सामना लावला. मधूनमधून पडद्यावर एक चौकट यायची, ‘मी उपस्थित आहे’, आणि तिच्यावर बोट दाबावं लागायचं. नाही दाबलं तर तास फुकट. नवऱ्याची नजर सामन्यावर असली तरी बोट चौकटीवर बरोबर पडायचं. शाळेत असल्यापासून हजेरीला तो कधी चुकला नव्हता.

व्याख्यान सुरू झालं. साहेबांचा आवाज तिला दोनदा ऐकू येत होता, आधी भिंतीतून आणि मग, मधे श्वासभर अंतर ठेवून, लॅपटॉपमधून. पहिली काही वाक्यं तिला त्याची गंमत वाटली. साहेब छान बोलत होते. वकील आणि डॉक्टर यांच्यातला फरक सांगताना ते म्हणाले की डॉक्टरची चूक जमिनीखाली जाते, आपली फाइलीत राहते. पडद्याच्या कडेनं हसऱ्या चेहऱ्यांची रांग वर सरकली.

"आता एक उदाहरण घेऊ," भिंत म्हणाली. "नावं नकोत. एक कचेरी. एक ज्येष्ठ वकील आणि एक कनिष्ठ."

सून खुर्चीत सरळ झाली. तिनं नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. त्यानं सामन्याचा आवाज कमी केला.

साहेबांनी सगळं सांगितलं. दुकान, अपील, मुदत, सगळं. कनिष्ठ हुशार होती, हेही सांगितलं, हुशार बरं का, दोनदा. फाइल ज्येष्ठांना दाखवली हे सांगितलं. आता ते म्हणतील, ती मान खाली घालून वाट बघत होती, आता म्हणतील. तिचे ओठ नकळत हलत होते.

"मुदत गेली. पक्षकार रस्त्यावर आली. आणि चौकशीत आपल्या या हुशार कनिष्ठ काय म्हणाल्या?" इथे साहेबांनी आवाज बारीक केला, मान तिरकी केली, आणि लाडिक नाकात बोलले, "‘सर, तुम्ही बघतो म्हणाला होतात!’"

ती चौकशीत असं काही म्हणाली नव्हती. ती काहीच म्हणाली नव्हती, तसं टेबलाशी ठरलं होतं. पण भिंतीतून तिचा आवाज येत होता, आणि श्वासभरानं पुन्हा लॅपटॉपमधून, आणि दोन्हीकडे तो हुबेहूब तिचाच होता. हसरे चेहरे इतके आले की पडद्याची कड पिवळी झाली. कुणीतरी लिहिलं, ‘अशा आमच्याकडेही आहेत.’

साहेबांनी हसू ओसरू दिलं. मग हळू, मऊ, समजावणीच्या सुरात म्हणाले, "मित्रहो, बघणं हे डोळ्याचं काम. दाखल करणं हे हाताचं काम. वकीलपत्रावर हात कुणाचा होता?"

नवऱ्यानं आपलं मनगट सोडवून घेतलं. चौकट आली होती.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न लिहून पाठवायची सोय होती. सुनेनं एक प्रश्न लिहिला. संघाच्या सूत्रसंचालक बाईंनी नाव न घेता वाचून दाखवलं: एका सभासदांनी विचारलंय की त्या कचेरीत ‘बघतो’ म्हणजे ‘आता हात लावू नका’ असाच रिवाज असला, तर?

लॅपटॉपमध्ये साहेब चष्मा पुसताना दिसले.

"प्रश्न चांगला आहे. विचारणारे सभासद कोण, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण रिवाजामागे लपलेला वकील आणि पडद्यामागे लपलेलं मूल, दोघांना वाटतं आपण दिसत नाही. पाय दोघांचेही दिसतात."

नवरा फिसकन हसला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "सॉरी. पण बोलतात छान, नाही?"

लगेच परीक्षा. कर्तव्याच्या विषयाला सगळी उत्तरं बरोबर यावी लागत. सुनेला सगळे प्रश्न सोपे गेले. ज्या टिपणांवरून ते काढले होते ती तिनंच टाइप केली होती. शेवटचा प्रश्न मात्र तिनं टाइप केलेला नव्हता. ‘ज्येष्ठ वकील “बघतो” म्हणाले आणि मुदत उलटली. कसूर कुणाची?’ खाली पर्याय होते: ज्येष्ठांची, कनिष्ठांची, दोघांची, पक्षकाराची.

तिनं ‘ज्येष्ठांची’ वर खूण केली.

पडदा लाल झाला. एक उत्तर चुकले आहे. व्याख्यान पुन्हा संपूर्ण ऐकावे. आज सायंकाळपर्यंत आपल्याला अखेरची एक संधी आहे.

शेजारी नवऱ्याचा पडदा हिरवागार झाला होता.

"तुम्ही काय लिहिलंत?" तिनं विचारलं.

"कनिष्ठांची."

"अहो, तुम्ही होतात तिथे. तुमच्यासमोर म्हणाले ते."

नवऱ्यानं लॅपटॉप मिटला. तो चिडला नव्हता, उलट थोडा कंटाळला होता, बाळाला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं तसा. "परीक्षेत खरं लिहायचं नसतं गं," तो म्हणाला. "बरोबर लिहायचं असतं." आणि सामन्याचा निकाल बघायला तो पलंगावर जाऊन पडला.

दार उघडलं. साहेब कोट हातावर टाकून अलीकडे आले. सासूबाईंनी चहा पुढे केला. वाफ फुंकत साहेब सुनेच्या मागे येऊन उभे राहिले आणि लाल पडदा त्यांनी वाचला. सावकाश, खालपर्यंत.

सुनेनं मान वळवली नाही. "बाबा, शेवटच्या प्रश्नाला काय लिहू?"

"बाबांना विचारतेस की साहेबांना?"

"दोघांना."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "बाबा म्हणतात, घरातली शांतता मोडेल असं काही लिहू नकोस. आणि साहेब म्हणतात, सनद हवी असली तर कनिष्ठांची." थोडं थांबून ते आणखी मऊ आवाजात म्हणाले, "ती दवाखान्यावरची खोली बरी आहे हं. उजेड थोडा कमी. मालक माझा जुना पक्षकार आहे, परवा भेटला होता. मी त्याला सांगितलं, सूनबाईंची सनद नवी झाली की अवश्य दे. नाही झाली, तर मग बघू."

पलंगावरून नवऱ्यानं विचारलं, "कसली खोली?" सासूबाई रिकाम्या कपाकडे बघत राहिल्या. साहेबांनी कप त्यांच्या हातात दिला, सुनेच्या डोक्यावर तळहात ठेवला, पुरता, आशीर्वादाला ठेवतात तसा, आणि आत जाऊन आडवे झाले.

तिनं व्याख्यान पुन्हा लावलं. ते पुढे ढकलता येत नव्हतं, आवाज बंद केला तर ते आपणहून थांबायचं. या वेळी भिंत गप्प होती. पलीकडे कचेरी रिकामी आणि आतल्या खोलीतून साहेबांचं शांत, एकसारखं घोरणं येत होतं. लॅपटॉपमधले साहेब मात्र पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलले. वकील आणि डॉक्टर. एक कचेरी, एक ज्येष्ठ, एक कनिष्ठ. पुन्हा मान तिरकी केली. तिला वाटलं होतं, दुसऱ्यांदा ऐकताना कमी लागेल. लागलं जास्त, कारण आता पुढे काय येणार ते माहीत होतं आणि तरी ‘मी उपस्थित आहे’ म्हणत तिला बसावं लागत होतं. तो बारीक आवाज पुन्हा आला तेव्हा तिनं एक गोष्ट पाहिली, जी पहिल्यांदा पाहिली नव्हती. नक्कल करण्याआधी साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं नव्हतं. भिंतीकडे बघितलं होतं, तिच्या बाजूला. पलीकडून हसू येतंय का, ते ऐकल्यासारखं.

खिडकीबाहेर उजेड उतरला होता. दिवा लावायला कुणी आलं नाही.

शेवटच्या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली. तिला ती हिरवट भिंतीची खोली दिसत होती आणि दारावरची पाटी. मनाशी म्हणाली, आधी सनद, मग सगळं नीट करता येईल. सनद नसली तर शिंपीणबाईंसाठी मी लिहून देणार तरी कशाच्या जोरावर? पडद्यावरची ही एक खूण. देव काही असल्या खुणा मोजत बसत नाही. अशी तिनं मनाची समजूत घातली, आणि समजूत घालताना तिला कळतही होतं की ही समजूतच आहे.

तिनं ‘कनिष्ठांची’ वर खूण केली. पडदा हिरवा झाला.

अभिनंदनाच्या खाली आणखी एक चौकट होती, ज्यांच्यावर तक्रार होती फक्त त्यांच्यासाठी. ‘माझ्या हातून झालेली कसूर मला समजली असून ती मी मान्य करते. ही माहिती तक्रारदारास कळवण्यास माझी हरकत नाही.’ या चौकटीवर बोट दाबल्याखेरीज प्रमाणपत्र निघत नव्हतं. आता एवढं गेलंय तर हेही, असं झालं तिला. तिनं डोळे मिटले आणि दाबलं. डोळे मिटले म्हणून बोट चुकलं नाही.

सकाळी कचेरी उघडली तेव्हा सुनेची सनद नवी झाल्याचं संघाकडून आलं होतं. सासूबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. साहेब आपल्या टेबलाशी बसून कुणाचातरी दावा तपासत होते, नवरा टाइप करत होता, आणि सून खिडकीशी, त्या खोलीच्या मालकाला फोन केव्हा करावा याचा विचार करत होती. तेवढ्यात शिंपीणबाई आल्या.

दुकान गेल्यापासून त्या या कचेरीची पायरी चढल्या नव्हत्या. साडी नीट चापूनचोपून नेसलेली, मोबाइल मुठीत. त्या सरळ सुनेच्या टेबलाशी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"ताई, मला संघाचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "बहिणीच्या मुलीनं वाचून दाखवला. मी तिला म्हटलं, तू चुकीचं वाचतेस." त्यांनी मोबाइल पुढे धरला. "यात लिहिलंय, तुम्ही कबूल केलंय. तक्रार बंद झाली म्हणतात. हे त्यांनी तुमच्याकडून बळेच लिहून घेतलं असणार, हो ना? तुम्ही फक्त नाही म्हणा. बाकीचं मी बघते, मी जाते परत संघात. मी घाबरत नाही कुणाला."

नवऱ्याच्या टाइपिंगचा आवाज थांबला. साहेबांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच टेकून राहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

सुनेनं शिंपीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता की तिला त्याचा रागच आला, इतका की तो राग कुणाचा आहे हेही क्षणभर तिला कळेना. ‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरला असता. आणि त्या श्वासात काल दाबलेली ती चौकट खोटी ठरली असती, खोटी कबुली देणाऱ्या वकिलाची सनद संघ ठेवत नाही, हे तिनंच टिपणांत टाइप केलं होतं. हातावर अजून साखर चिकटलेली होती.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "चूक माझी होती."

"नाही, ताई."

"माझीच होती. मला मुदतीचं भान राहिलं नाही. साहेबांचा काही संबंध नव्हता."

साहेबांचा काही संबंध नव्हता, हे तिला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. ते आपणहून आलं, सफाईनं, मऊ आवाजात.

शिंपीणबाई रडतील, तोंड सोडतील, निदान काहीतरी फेकतील, असं तिला वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला. पदर सारखा केला. मग वळून त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या, आणि तिथे, दोन्ही हात जोडून, मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"साहेब, मला क्षमा करा," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून तुमच्याबद्दल नाही नाही ते गेलं. जी बाई माप द्यायला येईल तिला मी तुमचं नाव घेऊन सांगत होते. मोठ्या माणसाला मी बोल लावला. मला वाटलं होतं…"

साहेब ताबडतोब उठले. स्वतः खुर्ची ओढून दिली. म्हणाले की असं मनाला लावून घेऊ नका, तुमचं दुःखच तेवढं होतं, दुःखात माणूस कुणावर तरी राग काढतोच, मी कधीच मनात ठेवलं नाही. खरंच त्यांनी कधी ठेवलं नव्हतं. शिंपीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून आता रडू लागल्या.

"तिच्यावरही राग धरू नका," साहेब म्हणाले. "पोर आहे, शिकतेय अजून." आणि खिडकीकडे न बघता, "मॅडम, बाईंना पाणी."

सुनेनं माठातलं पाणी आणलं. शिंपीणबाईंनी हात पुढे केला नाही. ती ग्लास धरून उभी राहिली, थोडा जास्तच वेळ, आणि शेवटी तिला तो टेबलावर, कागदांच्या कडेला, ठेवावा लागला. साहेबांनी तो उचलून शिंपीणबाईंना दिला. त्यांच्या हातून त्यांनी तो घेतला, आणि सगळं पाणी प्यायल्या.